ईम : रेघेच्या आतले गाव

शेफिल्डहून निघालेली गाडी टॉटलीच्या बोगद्यात शिरली की साडेतीन मैल खिडकीबाहेर काळोख असतो. १८९३ साली खुला झालेला हा बोगदा संपतो न संपतो तोच ग्रिंडलफोर्डचे चिमुकले स्थानक येते. उतरणारे बहुतेक जण पाठीला पिशव्या लावून डोंगर चढायला आलेले असतात. मला मात्र एका गावाला जायचे होते. स्थानकाजवळ चहा घेताना दुकानातल्या बाईंना मी रस्ता विचारला आणि नकाशावरच्या अक्षरांवर विसंबून गावाचे नाव ‘एयाम’ असे उच्चारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ईम.” एवढाच उच्चार, एका दमात संपणारा.

तीस वर्षे मी महाविद्यालयात इतिहास शिकवला. १८९७चा पुण्याचा प्लेग दरवर्षी शिकवायचो. रँड, सोल्जरांच्या घरझडत्या, गणेशखिंड हा सगळा क्रम मुलांना पाठ असे. ‘क्वारंटाइन’ हा शब्द आपल्याकडे बुटांच्या आवाजासकट आला, आणि तो तसाच मी पुढच्या पिढ्यांना देत आलो. माझ्या आजीची आठवण मात्र वेगळी होती. ती म्हणायची, “उंदीर पडले, की अख्खे गाव माळावर जायचे.” कुणी हुकूम दिला होता का, असे मी विचारले की ती नुसती माझ्याकडे बघायची. हुकूम कशाला हवा, असा त्या बघण्याचा अर्थ असावा. २०२० साली सगळे जग घरात बसले तेव्हा ही आठवण वर आली. त्याच सुमारास, एका इंग्रजी गावाने साडेतीनशे वर्षांपूर्वी आपणहून स्वतःला कोंडून घेतले होते, असे वाचनात आले. मुलगा शेफिल्डला राहतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा ठरवूनच ईम गाठले.

गाव डर्बीशायरच्या डोंगराळ भागात आहे. एक लांबट मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना करड्या दगडांची घरे, मागे चढत गेलेली कुरणे. रस्त्याच्या कडेला दगडी कुंड्या दिसतात. १५८८ साली डोंगरातले झरे वळवून गावाला पाणी पुरवले गेले, त्या व्यवस्थेच्या या खुणा. हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवण्याचा जुना लाकडी खोडा आहे. हा शिशाच्या खाणींचा मुलूख. या खाणींचे स्वतःचे कायदे होते आणि ‘बारमोट’ नावाचे स्वतःचे न्यायालयही होते. चर्चचे आवार, बागा, फळबागा आणि हमरस्ते सोडले तर शिशाच्या शोधात दुसऱ्याच्या जमिनीतही खणण्याचा हक्क खाणकाऱ्याला असे. गावात शेती होती, मेंढ्या होत्या. पण गावाचे खरे पोट जमिनीखाली होते.

सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आठव्या शतकातला सॅक्सन क्रूस उभा आहे. त्याच्या दांड्याचा काही भाग केव्हाच गहाळ झालेला, त्यामुळे तो थोडा बुटका वाटतो. चर्चच्या भिंतीवर १७७५चे छायायंत्र आहे. ईमच्या वेळेबरोबरच जगातल्या दूरदूरच्या ठिकाणांची मध्यान्हे दाखवण्याची सोय त्यात आहे. डोंगरातल्या एवढ्याशा गावाला जगाची वेळ कशाला हवी होती, हा प्रश्न मनात घेऊन मी पुढे निघालो. त्याचे एक अनपेक्षित उत्तर नंतर सापडले, ते पुढे सांगतो.

चर्चच्या पश्चिमेला लागूनच काही साधी घरे आहेत. त्यांच्या दारापुढे हिरव्या पाट्या आहेत. पाटीवर नावे आणि नावांपुढे तारखा. वाचता वाचता लक्षात येते की एका पाटीवरची आडनावे तीच आहेत आणि तारखा जवळजवळ आहेत.

या पाट्यांमागची कथा ईममध्ये येणारा प्रत्येक जण ऐकतो. १६६५च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनमध्ये प्लेग ऐन भरात असताना अलेक्झांडर हॅडफिल्ड या शिंप्याकडे तिथून कापडाचे गाठोडे आले. त्याच्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज व्हिकर्सने ते उघडले. कापड दमट होते, म्हणून त्याने ते चुलीपाशी वाळत घातले. काही दिवसांतच तो तापाने फणफणला. ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्याला पुरले. दोन आठवड्यांत त्याच घरातला एडवर्ड कूपर हा मुलगा गेला, मग शेजारी. थंडीत मरण थोडे थबकले आणि पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट जोराने परतले.

गावाचे रेक्टर होते विल्यम माँपेसन. वय अवघे अठ्ठावीसच्या आसपास, गावात येऊन दोनच वर्षे झालेली. गावात त्यांचा शब्द चालेल अशी स्थिती नव्हती, कारण गावाचे मन आधीच्या धर्मगुरूंकडे, थॉमस स्टॅन्लींकडे होते. स्टॅन्ली प्युरिटन पंथाचे. राजा दुसरा चार्ल्स गादीवर आल्यानंतर १६६२च्या कायद्याने राजमान्य प्रार्थनाविधी न मानणाऱ्या शेकडो धर्मगुरूंना पदे सोडावी लागली, त्यांच्यापैकी ते एक. पद गेले तरी माणूस गावातच राहिला. एकाच्या हातात अधिकार आणि दुसऱ्याच्या मागे माणसे. धर्माच्या भांडणात एकमेकांसमोर उभे असलेले हे दोघे जून १६६६मध्ये एकत्र आले. त्यांनी गावापुढे तीन गोष्टी मांडल्या. मृतांना चर्चच्या आवारात न आणता ज्याने त्याने आपल्या शेतात किंवा बागेत पुरावे. चर्च बंद ठेवून प्रार्थना कुकलेट डेल्फ या घळीत उघड्यावर व्हावी आणि कुटुंबांनी एकमेकांपासून अंतर राखून उभे राहावे. आणि गावाभोवती एक हद्द ठरवून ती कुणी ओलांडू नये.

हद्दीवरचे दगड आजही दाखवतात. स्टोनी मिडलटनच्या वाटेवरच्या दगडाला भोके पाडलेली आहेत. नाणी त्या भोकांत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची आणि बाहेरच्यांनी आणलेले सामान उचलायचे, अशी रीत होती. उत्तरेकडे डोंगरावर झऱ्याजवळ असेच ठिकाण होते, त्याला आता ‘माँपेसनची विहीर’ म्हणतात. चॅट्सवर्थचे अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनीही धान्य पुरवले.

ऑगस्ट सर्वांत वाईट. त्या एका महिन्यात सत्तरहून अधिक माणसे गेली. गावाच्या पूर्वेला रायलीच्या शेतात एलिझाबेथ हँकॉक या बाईने ३ ते १० ऑगस्ट या आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. प्रेताच्या पायांना फडके बांधून तिने ती ओढत नेली, असे सांगतात. समोरच्या टेकडीवरून स्टोनी मिडलटनची माणसे बघत होती, असेही सांगतात. मार्शल हाऊ नावाचा आडदांड माणूस दुखण्यातून उठला होता. ज्या घरांत पुरायला कुणी उरले नाही तिथली प्रेते तो पुरायचा आणि मोबदल्यात घरातले सामान घ्यायचा. त्याची बायको आणि मुलगाही गेले. २५ ऑगस्टला माँपेसन यांची पत्नी कॅथरीन हिला पुरले. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६चा.

गावातल्या छोट्या संग्रहालयात ही कथा नीट मांडलेली आहे. इमारतीच्या माथ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारे यंत्र उंदराच्या आकाराचे आहे. पण इतिहासाच्या शिक्षकाची खोड जात नाही. बाहेर पडलो तेव्हा माझ्या वहीत प्रश्नच जास्त होते.

पहिला प्रश्न पुराव्याचा. त्या काळातले थेट साहित्य फार थोडे आहे. मृत्यूंची नावे देणारी पॅरिशची नोंदवही आज आहे, ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला केलेली नक्कल. माँपेसन यांची तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी २० नोव्हेंबर १६६६च्या पत्रात ते लिहितात की ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसे गेली. हा आकडा पक्का धरता येतो. पण २५९ कितीपैकी? परंपरेने गावाची वस्ती ३५० सांगतात. म्हणजे चारांतली तीन माणसे गेली. चूलपट्टीच्या आणि जन्ममृत्यूच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांनी ही वस्ती सातशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक धरली आहे. तसे असेल तर तिघांतले एक माणूस गेले. दोन्ही हिशेब भयंकरच आहेत; पण पहिल्यातून हुतात्म्यांचे गाव उभे राहते आणि दुसऱ्यातून संकटात सापडलेले गाव.

दुसरा प्रश्न ‘आपणहून’ या शब्दाचा. १६०४च्या प्लेगविषयक कायद्यानुसार, रोगाची गाठ अंगावर असताना मनाई मोडून लोकांत फिरणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. गाठ नसली तरी फटक्यांची तरतूद होती. १६६२च्या वसाहत कायद्याने गरिबाला दुसऱ्या पॅरिशमध्ये थारा मिळणेही कठीण केले होते. शेफिल्डच्या कॉन्स्टेबलांच्या हिशेबात, ईमला प्लेग असताना लोकांना फुलवुडच्या झऱ्यापासून दूर ठेवण्यासाठी झालेला खर्च नोंदलेला आहे. म्हणजे पहारा बाहेरूनही होता. ईममधली एक बाई टाइड्सवेलच्या बाजारात ओळखली गेली आणि लोकांनी तिला मारत पिटाळले, अशीही आठवण आहे. ज्यांची दुसरीकडे घरे आणि नातलग होते अशी सुस्थितीतली काही कुटुंबे आधीच निघून गेली होती. खुद्द माँपेसन यांनी आपली दोन लहान मुले यॉर्कशायरला धाडली होती. पत्नीलाही जायला सांगितले, ती गेली नाही. खाणीत राबणारा माणूस बायकामुलांसह कुठे जाणार होता?

तिसरा प्रश्न कथा कशी वाढली याचा. १७२०मध्ये फ्रान्समधल्या मार्सेलला प्लेग झाला आणि इंग्लंडमध्ये क्वारंटाइनच्या कायद्यावरून वाद पेटला. त्या वादात डॉ. रिचर्ड मीड यांनी ईमचा दाखला दिला. त्यानंतर ॲना सुअर्ड आली. ही कवयित्री १७४२ साली ईममध्येच जन्मली, तिचे वडील तिथले रेक्टर होते. १८४२ साली विल्यम वुड या स्थानिक लेखकाने गावाचा इतिहास लिहिला आणि आज ऐकू येणाऱ्या बहुतेक हकिकती त्यात पक्क्या झाल्या. एक माणूस डोंगरावर झोपडी बांधून फक्त एका कोंबड्याच्या सोबतीने राहिला, एक दिवस कोंबडा उडून गावातल्या घराकडे गेला आणि रोग ओसरला असे समजून मालकही परतला, ही गोड कथा त्यातलीच. एमट सिडल ही ईमची मुलगी आणि स्टोनी मिडलटनचा रोलंड टोर ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकांना बघत, आणि एका वसंतात ती आलीच नाही, ही कथाही अशीच रुजली. एमटचे नाव नोंदवहीत आहे, प्रेमाचा पुरावा नाही. चर्चमध्ये १९८५ साली बसवलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत मात्र ते दोघे आहेत. १८६६मध्ये द्विशताब्दी झाली. आता दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कुकलेट डेल्फमध्ये प्रार्थना होते. इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी २००६ साली या सगळ्या घडणीचा अभ्यास मांडला. प्रत्येक पिढीने आपल्याला हवे ते ईम घडवले, असे त्यावरून दिसते.

आता त्या छायायंत्राकडे येतो. व्हिकर्सच्या कापडात पिसवा होत्या, असे आज ईममधले लहान मूलही सांगेल. पण ही पिसू कथेत शिरली कधी? १६६६मध्ये ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. तेव्हा दोष दूषित हवेला, देवाच्या कोपाला किंवा कापडात दडलेल्या विषाला. पिसू आली ती आपल्याकडून. १८९६मध्ये मुंबईत मांडवीच्या गोदामांजवळ प्लेग उद्भवला. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत प्रयोग करून उंदरावरची पिसू रोग पसरवते असे दाखवले. बराच काळ त्याची टिंगल झाली. मग मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून पिसवा पकडल्या, आणि १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने शेकडो प्रयोग करून ही साखळी सिद्ध केली. परळच्या उंदरांनी दिलेली साक्ष डर्बीशायरच्या शिंप्याच्या घरात जाऊन बसली. संग्रहालयाच्या माथ्यावरचा तो उंदीर मूळचा मुंबईकर म्हणायला हरकत नाही. जगाची मध्यान्हे दाखवणाऱ्या छायायंत्राला गाव उगीच जपत नव्हते!

ही साखळीही आता पूर्ण मानली जात नाही. २०१६ साली लिलिथ व्हिटल्स आणि झेव्हियर डिडेलो यांनी ईमच्या नोंदवहीतल्या तारखांवर गणिती अभ्यास केला. त्यांच्या हिशेबाने उंदरांकडून माणसाला झालेली लागण साधारण चौथा हिस्सा. उरलेली माणसाकडून माणसाला. घराघरांत तीच आडनावे का दिसतात, याचा हा एक उलगडा. सेवा करणाराच पुढचा बळी ठरत होता.

मग कोंडून घेणे योग्य होते का? चार्ल्स क्रेटन यांनी १८९०च्या दशकातल्या आपल्या साथींच्या इतिहासात या निर्णयावर कडक टीका केली. इथे मला आजीचा माळ आठवला. आपल्याकडची गावे उंदीर पडले की घरे सोडून शेतात झोपड्या टाकत. विज्ञानाने कारण सांगण्याआधीच अनुभवाने सुचलेला तो उपाय होता. गाव रिकामे होई, पण शिवार सुटत नसे. ईममध्येही काहींनी घळीत आणि डोंगरावर झोपड्या बांधल्याच्या आठवणी आहेत. सगळे गाव तसे माळावर गेले असते, तर कदाचित पाट्यांवरची काही नावे कमी झाली असती. पण हा हिशेब आज करणे सोपे आहे.

पुण्याची तुलना मनातून जात नव्हती. प्लेगमुळेच केलेला १८९७चा साथरोग कायदा २०२०मध्येही आपल्याकडे वापरला गेला, म्हणजे ती गोष्ट जुनी झालेली नाही. विलग करणे, हद्द आखणे, येणेजाणे थांबवणे हे उपाय ईमला आणि पुण्याला फारसे वेगळे नव्हते. ईमचा गौरव होत होता त्याच काळात त्याच राष्ट्राचे सैनिक पुण्यात माजघरांत शिरत होते. इंग्रज वाचकाला ईममध्ये त्याग दिसला आणि पुण्यात अडाणी विरोध. आपल्याला पुण्यात जुलूम दिसला, ते बरोबरच होते. पण फरक नेमका कुठे आहे, हे मला वर्गात कधी नीट सांगता आले नव्हते.

ईमच्या चर्चसमोर ते थोडे उमगले. कायदा होता, बाहेर पहारा होता, गरिबाला दुसरी वाट नव्हती, हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. ज्या दोघांनी हद्द आखली ते दोघेही हद्दीच्या आत होते. माँपेसनना जाता आले असते. स्टॅन्लींना तर त्या गावाने कायद्याने काही देणे उरले नव्हते. तरी दोघे राहिले, घळीत उभे राहून बोलले, मरणाऱ्यांच्या खाटेशी बसले. रँड हद्दीच्या बाहेर होते. त्यांच्या समितीचे हुकूम ज्या घरांत पोचत, त्या घरांच्या दुःखात त्यांचा वाटा नव्हता. आणि त्याच पुण्याजवळ, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या बाजूच्या वस्तीतल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी कुणावर हद्द लादली नाही, त्या स्वतः आत गेल्या. लोक ज्याचे ऐकतात तो त्यांच्याबरोबर मरायला तयार आहे का, हे लोकांना कळते. तीस वर्षे १८९७ शिकवताना मी रँडनंतर लगेच चापेकर शिकवले. सावित्रीबाईंचा मृत्यू त्याच धड्यात घ्यायला हवा होता.

साथीनंतर ईममधल्या काहींनी स्टॅन्लींना गावाबाहेर काढण्याची मागणी केली. अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनी ती मानली नाही. १६७०मध्ये स्टॅन्ली त्याच गावात वारले. त्याच सुमारास माँपेसन नॉटिंगहॅमशायरमधल्या ईकरिंगला गेले, तेव्हा तिथले लोक त्यांना गावात घेईनात. काही काळ त्यांना बाहेर झोपडीत राहावे लागले आणि झाडाखाली प्रवचन करावे लागले. ज्याने सगळ्या मुलखाला रोगापासून राखले असे पुढे सांगितले गेले, त्याच्याच अंगाला त्या मुलखाने रोगाचा वास घेतला.

परतताना मी स्टोनी मिडलटनच्या वाटेने गेलो. कुरणात तो भोकांचा दगड आहे. पावसाचे पाणी भोकांत साचले होते आणि कुणीतरी त्यात एक-दोन पेनींची नाणी टाकली होती. पलीकडे गाव दिसत होते, अलीकडे गाव दिसत होते, मधले अंतर अर्ध्या तासाच्या चालण्याचे. १६६६च्या उन्हाळ्यात तेवढे अंतर चालून जायचे नाही, असे इथल्या माणसांनी ठरवले, किंवा त्यांना ठरवावे लागले. खिशात एक नाणे होते, ते मी त्या पाण्यात सोडले आणि दगडाच्या पलीकडे पाऊल टाकले.